आज्ञाभंग, शाप व अनुताप : ख्रिस्तपुराणाच्या निमित्तानें

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणासंबंधानें मराठींत आजवर जें लिहिलें गेलें आहे, त्याचा बहुतेक भाग दोन गोष्टींनीं व्यापला आहे. एक, ह्या इंग्रज पाद्र्याचें मराठीवरील प्रभुत्व. दुसरी, ग्रंथाची मूळ प्रत रोमी लिपींत होती कीं देवनागरींत, हा वाद. दोन्ही विषय आपापल्या जागीं योग्य आहेत. परंतु पुराण म्हटलें म्हणजे त्यांत कथा आली, आणि कथा म्हटली म्हणजे तिचा कांहीं अभिप्राय आला. आद्य मानवानें देवाची आज्ञा मोडली व देवानें त्यास उत्तर दिलें, ह्या एका प्रसंगावर ह्या पुराणाची सारी इमारत उभी आहे. त्या प्रसंगाचा अभिप्राय मराठी शब्दांत शिरतांना कसा पालटूं शकतो, ह्याचा विचार मात्र क्वचितच झालेला दिसतो. प्रस्तुत लेखांत तो थोडासा करण्याचें योजिलें आहे. लेखक ख्रिस्ती नाहीं, आणि इब्रानी भाषेचें त्याचें ज्ञान कोशाच्या काठीनें चालणारें आहे. संस्कृत ग्रंथ शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, अशा मनुष्यास ही कथा वाचतांना जी अडचण आली ती तो मांडीत आहे, इतकेंच.

ग्रंथाचा इतिहास संग्राहक वाचकांस ठाऊकच आहे. तेव्हां तो थोडक्यांत सांगून पुढें जाऊं. स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ चा. ते इ. स. १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरले, आणि आयुष्याचीं उरलेलीं चाळीस वर्षें बहुतेक साष्टी प्रांतांत काढून इ. स. १६१९ मध्यें वारले. पुराण प्रथम इ. स. १६१६ मध्यें राशोल येथें छापलें गेलें, व पुढें १६४९ आणि १६५४ मध्यें त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. ह्या तिहींपैकीं एकीचीही छापील प्रत आज ज्ञात नाहीं. राहिल्या त्या हस्तलिखित नकला. अशा नकला जुळवून जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ मध्यें मंगळूर येथें रोमी लिपींत आवृत्ति काढिली. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति १९५६ मध्यें पुण्यास निघाली, आणि फादर कारिदाद द्रागो यांची गद्यरूपांतरासह आवृत्ति १९९६ मध्यें मुंबईस प्रसिद्ध झाली. विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहांतून लंडनास गेलेली देवनागरी प्रत जस्टिन अ‍ॅबट यांनीं १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत उजेडांत आणिली. तीच मूळ होय असें त्यांचें मत. तें मागाहून सर्वांस मान्य झालें नाहीं. ह्या वादाकडे लेखाच्या शेवटीं वळावें लागेल.

पुराणाचे दोन भाग आहेत. पहिल्यांत ३६ अवस्वरु, दुसऱ्यांत ५९. एकूण ओव्या अकरा हजारांस थोड्याच कमी. पहिल्या भागांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारकाच्या आगमनाची वाट पाहण्यापर्यंतचा जुन्या कराराचा वृत्तांत, आणि दुसऱ्यांत तारकाचें चरित्र. म्हणजे आज्ञा मोडण्यास फळ तोडण्याइतकाच अवकाश लागला, आणि त्या आज्ञाभंगाचें उत्तर सांगतां सांगतां कवीस जवळजवळ अकरा हजार ओव्या लागल्या. पुराणें वाचून तयार झालेल्या मराठी वाचकास ह्या रचनेंत एक ओळखीचा सांगाडा चटकन दिसतो. अपराध, शाप, दीर्घ काळ भोग, आणि शेवटीं उःशाप. वैकुंठाच्या द्वारावरून जय आणि विजय पडले, तीन जन्म वैरभावानें भोगून परत गेले; तसाच आदाम पडला आणि तारकाच्या योगें त्याची संतति वर गेली. स्टीफन्स यांनीं स्वर्गलोकास ‘वैकुंठ’ हा शब्द योजून ह्या समजुतीस हातभारच लाविला आहे. प्रस्तुत लेखकानेंही प्रथम वाचनाच्या वेळीं आपल्या प्रतीच्या समासांत ‘उःशाप’ असें टिपून ठेविलें होतें. तें टिपण चुकीचें होतें असें आतां वाटतें, आणि कां वाटतें तें सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच.

शाप म्हणजे काय, हें आपल्या ग्रंथांवरून आधीं ठरविलें पाहिजे. शाकुंतलाच्या चौथ्या अंकांतील दुर्वासाचा शाप विद्यार्थ्यांस शिकवितांना एक गोष्ट दरवर्षीं सांगावी लागे. दुर्वासाचा राग प्रियंवदेच्या विनवणीनें उतरतो, परंतु शाप उतरत नाहीं. तोंडांतून गेलेलें वचन आतां त्याच्याही हातीं राहिलेलें नसतें. त्यास फक्त मर्यादा घालतां येते, आणि ती मर्यादा म्हणजे अंगठी. ह्याहून स्पष्ट उदाहरण आदिपर्वांतील परीक्षिताचें. शृंगीनें राजास शाप दिला हें कळतांच त्याचा पिता शमीक दुःखी झाला व त्यानें पुत्रास दोष दिला. पुत्राचें उत्तर असें कीं आपलें बोलणें थट्टेंतही खोटें होत नाहीं, मग शाप कसा होईल. तेव्हां शमीकास इतकेंच करतां आलें कीं गौरमुख नांवाच्या शिष्यास पाठवून राजास सावध करावें. ज्ञानी पिता, पश्चात्ताप करण्यासारखा प्रसंग, निरपराध म्हणावा असा राजा, सर्व कांहीं अनुकूल असून शाप फिरला नाहीं. शाप देणाराही शापाचा दासच होय. शब्द हा धनी, वक्ता हा सेवक. आमच्या पुराणांतील शापाचें मर्म हें.

आतां उत्पत्तीच्या पुस्तकांतील मूळ प्रसंग पाहूं. दुसऱ्या अध्यायांत आज्ञा आहे, आणि तिच्याबरोबर धमकीही आहे : ज्या दिवशीं तूं ह्या झाडाचें फळ खाशील त्या दिवशीं मरशील. तिसऱ्या अध्यायांत फळ खाल्लें जातें. त्या दिवशीं कोणीही मरत नाहीं. पांचव्या अध्यायाच्या हिशेबानें आदाम ९३० वर्षें जगला. टीकाकारांनीं ह्या विसंगतीचीं समाधानें पुष्कळ दिलीं आहेत. कोणी म्हणतो, देवाचा एक दिवस सहस्र वर्षांचा; कोणी म्हणतो, मरण आत्म्याचें होतें; कोणी म्हणतो, त्या दिवसापासून तो मर्त्य झाला. स्मृतिग्रंथांवरील टीका ज्यांनीं वाचल्या आहेत त्यांस असल्या समाधानांची चव परिचित आहे. तीं बाजूस ठेवून संहिता जशी आहे तशी वाचिली, तर इतकें निश्चित दिसतें कीं धमकी जशी उच्चारली गेली तशी अमलांत आली नाहीं, आणि ती न आल्याबद्दल संहितेस कसलाही संकोच वाटत नाहीं. दुर्वासाच्या जगांत हें संभवनीयच नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं देवाचें पहिलें उत्तर हें वाक्य नसून प्रश्न आहे. तूं कोठें आहेस, असें तो विचारतो. नंतर आणखी दोन प्रश्न, मग स्त्रीस एक. सर्वज्ञ म्हणविणाऱ्यानें प्रश्न कां विचारावा, हा आक्षेप जुनाच आहे. परंतु पुढच्याच अध्यायांत काइनानें भावास मारल्यावर पुन्हा तेंच होतें : तुझा भाऊ कोठें आहे? हा योगायोग नव्हे. अपराध्यास आधीं बोलूं द्यावें, ही ह्या ग्रंथाची रीतच दिसते. आदामानें त्या संधीचा उपयोग दोष बायकोवर ढकलण्यासाठीं केला, आणि जरा ओढून पाहिलें तर देवावरही, कारण ‘तूं दिलेली स्त्री’ असें तो म्हणतो. क्षमा त्यानें मागितली नाहीं. म्हणून येथें उःशापास जागाच नाहीं. उःशाप मागावा लागतो, निदान प्रियंवदेसारख्या कोणीतरी मागावा लागतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती शब्दांची आहे. ह्या अध्यायांत शापवाचक इब्रानी धातु दोनदां आला आहे. एकदां सर्पाविषयीं, एकदां भूमीविषयीं. पुरुषाविषयीं नाहीं व स्त्रीविषयींही नाहीं. त्यांस कष्ट, वेदना, घाम आणि माती हीं सांगितलीं आहेत. परंतु ‘तूं शापित’ असें म्हटलेलें नाहीं. मनुष्यास थेट शापित म्हटलें जातें तें चौथ्या अध्यायांत, काइनास. आणि तेथेंही, तो घाबरून बोलतांच, कोणी त्याचा जीव घेऊं नये म्हणून त्याच्यावर खूण केली जाते. आपल्याकडे मात्र ही कथा सांगतांना ‘देवानें आदामास शाप दिला’ असें सर्रास म्हणण्याचा प्रघात आहे. हें मराठी भाषेनें कथेवर केलेलें आक्रमण आहे. आपल्या भाषेंत देव रागावला कीं शाप हा शब्द आपोआप जिभेवर येतो.

भूमीच्या शापासंबंधानें एक पाठभेद हस्तलिखितांच्या अभ्यासकांनीं ध्यानांत घेण्यासारखा आहे. प्रचलित इब्रानी पाठाप्रमाणें भूमि ‘तुझ्यामुळें’ शापित होते. जुन्या ग्रीक भाषांतरांत व जेरोमच्या लातिनी भाषांतरांत मात्र ‘तुझ्या कामांत’ अशा अर्थाचे शब्द आहेत. कारण उघड आहे : इब्रानी लिपींतील दालेथ आणि रेश हीं अक्षरें एकमेकांसारखीं दिसतात, आणि एकाच्या जागीं दुसरें वाचलें कीं ‘मुळें’ चें ‘काम’ होतें. आपल्याकडील पोथ्यांत ‘घ’ व ‘ध’, ‘ब’ व ‘व’ यांचे घोटाळे ज्यांनीं निस्तरले आहेत त्यांस हें नवें नाहीं. तसेंच सर्पाचें डोकें कोण ठेचील, त्या वाक्यांत इब्रानींत पुल्लिंगी सर्वनाम आहे, तर लातिनी प्रतींत स्त्रीलिंगी. म्हणून रोमन परंपरेंत तें वाक्य मारियेस लावण्यांत आलें. १९७९ च्या नव्या लातिनी आवृत्तींत तें सर्वनाम बदललें आहे. स्टीफन्स हे त्रेंतच्या धर्मसभेनंतरचे जेसुइट. त्यांच्यापुढें प्रमाण होती ती लातिनी संहिता, इब्रानी नव्हे. ख्रिस्तपुराणाची परीक्षा करतांना तुलना त्या लातिनी पाठाशीं करावी; आजच्या मराठी बायबलाशीं ताडून स्टीफन्स यांनीं पाठ बदलला असें म्हणणें अन्यायाचें होईल.

आदामाच्या प्रसंगीं जें अंधुक दिसतें तें पुढील पुस्तकांत उघड होत जातें. सहाव्या अध्यायांत मनुष्य निर्माण केल्याचा देवास अनुताप होतो आणि तो मनांत खिन्न होतो. मनुष्याच्या मनांतील कल्पना सदा वाईटच असतात, हें तेथें जलप्रलयाचें कारण म्हणून दिलें आहे. प्रलय ओसरल्यावर आठव्या अध्यायांत देव म्हणतो कीं मनुष्यामुळें मी पुन्हा भूमीस शाप देणार नाहीं. कारण त्याच्या मनांतील कल्पना लहानपणापासून वाईटच असतात. म्हणजे जें कारण संहाराचें, तेंच कारण क्षमेचें! न्यायशास्त्र शिकलेल्या वाचकास हा हेतु विरुद्ध वाटेल, एकाच हेतूनें दोन विरुद्ध साध्यें सिद्ध होऊं शकत नाहींत असें तो म्हणेल. परंतु बाप मुलाविषयीं असेंच बोलतो. सकाळीं ‘ह्याचा स्वभावच असा’ म्हणून मारतो, आणि सायंकाळीं ‘ह्याचा स्वभावच असा’ म्हणून सोडून देतो.

सोन्याच्या वासराच्या प्रसंगीं देव मोशेस म्हणतो, मला सोड, म्हणजे मी ह्यांस भस्म करीन. आणि मोशे सोडीत नाहीं. देवाचा बेत फिरतो. निनवे नगरीची कथा तर शापाच्या कल्पनेचें सरळ खंडनच आहे. चाळीस दिवसांनीं नगर उलथेल, असें देवाच्या नांवानें पुकारलें गेलें. त्यांत अट नव्हती, उःशापही नव्हता. नगरानें वाट बदलली आणि देवानें वचन मागें घेतलें. त्यावर रुसला तो योना, ज्यानें पुकारा केला तो. आणि योना स्वतःही आज्ञा मोडून पळालेलाच होता. योनाची तक्रार शृंगीच्या तक्रारीसारखी आहे : माझ्या तोंडून गेलेलें खोटें होतें काय? देव त्यास उत्तर म्हणून एक वेल उगवतो, ती वाळवितो, आणि पुन्हा प्रश्नच विचारतो. पुस्तक त्या प्रश्नावर संपतें. आमच्या मतें ह्या चार लहान अध्यायांत जुन्या कराराचें सारें रहस्य आहे. ह्या देवास त्याची धमकी बांधीत नाहीं. त्यास बांधतें तें त्याचें अभयवचन, म्हणजे नोहास दिलेलें, अब्राहामास दिलेलें. तें तो आज्ञाभंगानंतरही मोडीत नाहीं, निदान मोडूं इच्छीत नाहीं.

परंतु येथें थांबलों तर आम्हीही पक्षपाती ठरूं. खुद्द मोशेची हकीकत पाहा. चाळीस वर्षें लोकांस वागवून नेणारा हा पुरुष खडकाशीं बोलावयाचें सोडून त्यावर दोनदां काठी मारतो, आणि तेवढ्याच्यासाठीं त्यास देशांत प्रवेश नाकारला जातो. तो विनवितो, त्यास सांगण्यांत येतें कीं पुरे, ह्याविषयीं पुन्हा बोलूं नकोस. डोंगरावरून देश दाखवून त्यास तेथेंच मरूं दिलें. निनवेच्या लोकांस क्षमा आणि मोशेस नाहीं, ह्याचें समाधानकारक कारण कोणत्याही टीकेंत आढळलें नाहीं. जवळ असणाऱ्यास शिक्षा अधिक, हें एक उत्तर देतात. तें खरें असेल, पण गोड नाहीं. शौल राजाच्या अध्यायांत तर ग्रंथ स्वतःशींच भांडतो. यज्ञापेक्षां आज्ञापालन श्रेष्ठ, असें शमुवेल तेथें बजावतो. त्याच एका अध्यायांत दोनदां म्हटलें आहे कीं शौलास राजा केल्याचा देवास अनुताप झाला, आणि मध्येंच म्हटलें आहे कीं देव मनुष्य नव्हे, त्यास अनुताप होत नाहीं. तिन्ही ठिकाणीं धातु एकच. कोणी संपादक असता तर एक वाक्य गाळून मोकळा झाला असता. लेखकांनीं तसें केलें नाहीं, ह्यावरून त्या परंपरेनें संहिता किती काळजीनें सांभाळली हें दिसतें; आणि हेंही दिसतें कीं फिरणारा देव त्यांसही सहजासहजीं पचला नव्हता. पूर्वजांच्या अपराधाबद्दल तिसऱ्या व चवथ्या पिढीपर्यंत शिक्षा, हें निर्गमांत. आणि पुत्रानें पित्याचा दोष वाहूं नये, हें यहेज्केलांत. दोन्ही एकाच पुठ्ठ्यांत बांधलेलीं आहेत.

आमच्याकडे असा फिरणारा देव नाहींच काय? आहे, पण पुराणांत शोधूं नये, वेदांत शोधावा. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांतील ८६ व्या सूक्तांत वसिष्ठ वरुणास विचारतो कीं माझा अपराध तरी कोणता. वरुणाचे पाश आवळतात तसे सैलही होतात. ऐतरेय ब्राह्मणांत हरिश्चंद्रानें दिलेलें वचन वारंवार लांबविलें, त्यास जलोदर झाला, आणि शुनःशेपाच्या स्तुतीनें पाश गळून पडतांच राजाही बरा झाला. फरक इतकाच कीं वेदांत मनुष्य देवास विचारतो, माझें काय चुकलें. उत्पत्तींत देव मनुष्यास विचारतो, तूं कोठें आहेस. एवढ्या एका फरकावर दोन धर्मांचें सारें वळण अवलंबून आहे असें म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरणें बरें.

नागपूरच्या वाचकास आणखी एक उदाहरण घरचेंच आहे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाद्री स्टीफन हिस्लॉप इ. स. १८४५ मध्यें येथें आले. टाकळघाटाकडील प्राचीन शिलावर्तुळें पाहून परततांना सप्टेंबर १८६३ मध्यें ओढ्याच्या पुरांत बुडून वारले. त्यांच्या कागदांतून रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ मध्यें जें पुस्तक छापविलें, त्यांत गोंडांचें लिंगोचें गीत आहे. त्यांत गोंडांच्या अस्वच्छतेचा धवळगिरीवर दुर्गंध पसरला म्हणून महादेव त्यांस गुहेंत कोंडतो व तोंडावर शिळा लावतो. पुढें पार्वतीस त्यांचा वास येईनासा झाला म्हणून चुकल्याचुकल्यासारखें वाटतें, ती उपोषण आरंभिते, आणि त्यांतून लिंगोचा जन्म व गोंडांची सुटका. येथें आज्ञाच नव्हती, तर आज्ञाभंग कोठला? शिक्षा झाली ती किळस आल्यामुळें, आणि सुटका झाली ती आठवण आल्यामुळें. बायबल शिकविण्यास आलेल्या मनुष्यानें ही कथा जशीच्या तशी उतरवून घेतली, तिला आपल्या ग्रंथाच्या सांच्यांत बसविण्याची घाई केली नाहीं, ह्याबद्दल आपण त्याचे ऋणी आहों. आपणही ख्रिस्तपुराण वाचतांना तोच संयम पाळावयास हवा.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे, हें साष्टीचा इतिहास आठवला म्हणजे कळतें. गोव्यांत इन्क्विझिशन इ. स. १५६० मध्यें बसलें, आणि तें कायमचें उठलें १८१२ मध्यें. साष्टींतील देवळें इ. स. १५६७ च्या सुमारास पाडण्यांत आलीं. इ. स. १५८३ च्या जुलैंत कुंकळ्ळीच्या लोकांनीं रुदोल्फ आक्वाविवा यांसह पांच जेसुइटांस ठार केलें. त्यानंतर पोर्तुगीज अंमलदारांनीं गांवच्या प्रमुखांस बोलणें करण्यासाठीं म्हणून असोळण्याच्या किल्ल्यांत बोलाविलें व तेथें त्यांस मारलें. स्टीफन्स त्या वेळीं गोव्यांत येऊन चार वर्षें झालीं होतीं. मारले गेलेले पाद्री त्यांच्याच संघाचे. तेहेतीस वर्षांनीं त्यांचें पुराण छापून निघालें. ज्या श्रोत्यांसमोर तें वाचलें जाई, त्यांच्या बापआज्यांनीं आज्ञाभंगास राजसत्ता काय उत्तर देते हें डोळ्यांनीं पाहिलें होतें. त्या उत्तरांत प्रश्न नव्हता. बोलणें करण्यास बोलाविलें होतें, पण कोणाचें बोलणें ऐकून घेतलें नाहीं.

पहिल्याच अवस्वरूंत कवीनें सांगितलेला प्रसंग ह्या दृष्टीनें वाचावा. धर्मशिक्षणाच्या वेळीं एक श्रोता पाद्रीगुरूस म्हणतो कीं आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, तर त्यांच्या जागीं दुसरें कांहीं आम्हांस कां देत नाहीं? कोणी ह्यांत ग्रंथकाराची युक्ति पाहतात. असेल. परंतु युक्ति म्हणूनही ती विलक्षण आहे. बंदी घालणाऱ्या पक्षांतील एक मनुष्य बंदी सोसणाऱ्याच्या तोंडीं तक्रार घालतो, तिला अवज्ञा म्हणत नाहीं, आणि तिचें उत्तर म्हणून ओव्या रचतो. जो देव आदामास आधीं प्रश्न करतो त्याची कथा सांगण्यास हा आरंभ शोभणारा आहे. किल्लेदारांपेक्षां हा कवि आपल्या ग्रंथांतील देवाच्या अधिक जवळ होता, असें म्हणण्यास हरकत नाहीं. तो इन्क्विझिशनच्या छायेखालींच राहिला व तिच्याविरुद्ध त्यानें पुराणांत शस्त्र उपसलें नाहीं, हेंही त्याच श्वासांत सांगितलें पाहिजे.

ह्याच कारणास्तव ‘शाप’ आणि ‘उःशाप’ हे शब्द येथें सावधगिरीनें वापरावे. तारकाचें येणें हा उःशाप म्हटला, कीं देव स्वतःच्या शब्दांत अडकलेला दुर्वास होतो, आणि तारक म्हणजे केवळ अंगठी. पंडिता रमाबाईंनीं बायबलाचें नवें भाषांतर हातीं घेतलें, तें संस्कृतप्रचुर मराठी साध्या बायकांस कळत नाहीं म्हणून. त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्यें तें पूर्ण छापून निघालें. त्या स्वतः संस्कृताच्या पंडिता असल्यामुळें त्यांस हेंही दिसलें असेल कीं संस्कृत शब्द कधीं एकटा येत नाहीं, आपलें सगळें गोत्र घेऊन येतो. स्टीफन्स यांची वाट उलटी होती. त्यांनीं तें गोत्र जाणूनबुजून घरांत घेतलें. कोणाचें बरोबर हें ठरविणें आमचें काम नव्हे.

राहतां राहिला प्रतींचा प्रश्न. रोमी प्रतींत पोर्तुगीज शब्द जेथें आहेत, तेथें मार्सडेन संग्रहांतील प्रतींत संस्कृत शब्द आहेत, हें प्रसिद्धच आहे. अ‍ॅबट यांस त्यांत मूळचें शुद्ध रूप दिसलें. इतरांस मागाहून केलेलें संस्करण दिसतें. आमचा कल दुसऱ्या मताकडे आहे, कारण छापखान्यासाठीं व चर्चमधील वाचनासाठीं रचलेल्या ग्रंथांत धर्मविधींचीं रोमन नांवें आधींपासून नसणें अवघड; तीं काढून टाकण्याची इच्छा होईल ती चर्चच्या देखरेखीपासून दूर असलेल्या लेखकूस. परंतु हा वाद नामांच्या याद्यांवर पुष्कळ लढून झाला. आतां तो कथेवर लढवावा. ज्यांच्या हातीं रोमी किंवा देवनागरी नकल येईल, त्यांनीं आदामाच्या पतनाचा भाग आधीं उघडावा आणि ‘शाप’ हा शब्द कोणाच्या नांवावर घातला आहे तें पाहावें. रोमी प्रतींत ‘श’ हा पोर्तुगीज वळणानें एक्स ह्या अक्षरानें लिहिलेला असतो, ह्रस्वदीर्घाचा भेद नसतो, आणि टवर्ग दाखविण्यासाठीं अक्षर जोडून दोनदां लिहितात. घाईच्या नकलाकारानें जोडाक्षर एकेरी केलें कीं ‘ट’ चा ‘त’ होतो. म्हणून एका प्रतीवर विसंबूं नये. लातिनी संहितेंत मनुष्य शापित नाहीं. एखाद्या प्रतींत तो शापित झालेला आढळला, तर तेथें कवीचा हात आहे कीं पुराणें मुखोद्गत असलेल्या लेखकूचा, हें इतर प्रती ताडून ठरवितां येईल.

आणखी एक जागा आहे, आणि ती आम्हांस सर्वांत उपयोगी वाटते. बागेंतून घालविण्यापूर्वीं देव त्या दोघांस कातड्याचीं वस्त्रें करून नेसवितो. शिक्षा सांगून झाल्यावर, न मागतां केलेली ही एकच गोष्ट ह्या अध्यायांत आहे. उःशाप मुळींच नव्हे, कारण तिनें शिक्षेंतलें कांहींच कमी होत नाहीं. देवानें स्वहस्तें चामडें हाताळावें, हें वैदिक कुळांतील नकलाकारास सहज पचणारें नव्हे. ‘अजिन’ म्हटलें तर ब्रह्मचाऱ्याचें मृगचर्म आठवून तो निभावून नेईल. ‘वल्कल’ लिहिलें तर त्यानें आदामास वनवासाला पाठविलें. नुसतें ‘वस्त्र’ लिहिलें तर त्यानें प्रश्नच टाळला. आणि सरळ ‘चर्म’ किंवा ‘कातडें’ असेल, तर ती ओवी रोमी प्रतीशीं अक्षरशः जुळवून पाहावी.